ढगोबापल्याड गेलेली ठकू

डोंगर आजच्याहून थोडे उंच होते आणि माणसं आजच्याहून थोडी भित्री होती, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या बोरदऱ्यात ती शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण पाहुणा आला की आम्ही ती पुन्हा पहिल्यापासून सांगतो. तेव्हा जरा सरकून बसा, भिंतीला टेका, आणि ऐका.

बोरदरा म्हणजे डोंगरांनी धरलेली ओंजळ. तीन बाजूंना कडे आणि चौथ्या बाजूला नदी बाहेर पडते ती अरुंद खिंड. गावात यायचं तर त्या खिंडीतून, जायचं तर त्याच खिंडीतून. आणि गावाच्या डोक्यावर ढगोबा. आमचा सगळ्यांत थोरला डोंगर. बारा महिने त्याच्या माथ्यावर ढगाचं पागोटं असायचं, म्हणून तो ढगोबा. त्याचा माथा कुणीच पाहिलेला नव्हता, असं म्हणतात.

कसा पाहणार? वर कुणी जातच नव्हतं. ढगोबाच्या खांद्याआडून रोज सकाळ-संध्याकाळ धुराची एक बारीक रेघ आभाळात चढायची. गावातले जाणते सांगायचे, पल्याड राक्षशीण राहते, ती तिची चूल. सकाळचा धूर म्हणजे तिची न्याहारी आणि संध्याकाळचा म्हणजे रात्रीचं जेवण. दोन्ही वेळेला ती काय शिजवते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. गुरं पायथ्याच्या थोरल्या उंबरापर्यंत चरायची आणि तिथून माघारी वळायची. माणसंही तिथूनच वळायची.

अशा गावात ठकू जन्माला आली. भिवा मेंगाळ म्हणून एक शेळ्या राखणारा होता, त्याची ही लेक. तिची आई येसू करवंदं वेचायला त्या उंबरापर्यंत गेली आणि तिथंच तिला कळा सुरू झाल्या. पोर जन्मली ती रडलीच नाही. उंबरावरच्या शेकरूनं झुपकेदार शेपूट खाली सोडून वाकून पाहिलं, आणि पोर त्याच्याकडं बघून हसली, असं म्हणतात. सुईण धावत येईपर्यंत पोरीनं अख्खं झाड डोळ्यांनी पिऊन टाकलं होतं.

चालायला लागली तीही चढाच्या दिशेनं. येसू तिला उचलून अंगणात आणून ठेवायची आणि ती पुन्हा चढाकडं तोंड करून निघायची. मोठी झाली तशी शेळ्या घेऊन जाऊ लागली. भिवाचे गुडघे धरले होते, त्याला बरंच झालं. फक्त एक बोलणं तो रोज करायचा, "उंबराच्या वर न्हाई हां, पोरी." आणि ठकू रोज मान डोलवायची.

पण शेळीनं कुणाला मान डोलवली नव्हती. एक दिवस कबरी नावाची द्वाड शेळी उंबर ओलांडून वर गेली ती गेलीच. ठकू तिच्यामागं गेली. सूर्य कलला तरी दोघींचा पत्ता नाही. येसूनं छाती पिटून घेतली, भिवा डोक्याला हात लावून बसला, सगळं गाव उंबराखाली गोळा झालं. पुढं जायला मात्र कुणी तयार नाही. तेवढ्यात झाडीतून ठकू आली. खांद्यावर शेळी, केसांत पानं, आणि डोळे असे चमकत होते की बायका एक पाऊल मागं सरल्या.

"कुठं उलथली होतीस गं भवाने?" येसू ओरडली.

"वर."

"वर म्हंजी कुठं?"

"वरच्याबी वर, आई! तिथं ना, पाणी उलटं पडतं!"

झालं! पोरीला बाधा झाली, असं गावानं ठरवलं. पण ठकूला काही झालेलं नव्हतं. ढगोबाच्या एका कड्यावर वारा एवढा भन्नाट आहे की वरून कोसळणारा धबधबा तो खालून पकडतो आणि पुन्हा आभाळात भिरकावून देतो. आज तुम्ही गेलात तर तुम्हालाही दिसेल. पण तेव्हा ते पाहणारी ती एकटीच होती, आणि एकट्यानं पाहिलेलं खरं वाटत नाही.

त्या दिवसापासून ठकूचा पाय घरात ठरेना. दूध काढून झालं की निघाली. कारवीच्या रानातून, कातळावरून, ओढ्याच्या पात्रातून. दिसेल त्याच्यापुढं बसून राहायची. खवल्या मांजर चाहूल लागताच अंगाची मोट बांधून गोळा होतं. मग ही हलत नाही आणि तेही उलगडत नाही, असा दोघांचा दिवस सरायचा. शेवटी खवल्यानंच कंटाळून नाक बाहेर काढलं, असं म्हणतात. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, पिवळी सोनकी फुलली की ती तिथं पालथी पडून, फुलांच्या उंचीवरून जग कसं दिसतं ते बघायची.

आणि आल्यावर सांगायची. पाणवठ्यावर, जात्याशी, कुणाच्या तरी ओट्यावर. बायका तोंड फिरवून ऐकत नसल्यासारखं करायच्या, पण त्यांचे हंडे भरून वाहू लागायचे तरी त्या उठायच्या नाहीत. एकदा तिनं धनेश पक्ष्याचं सांगितलं. मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते, चिखलानं दार लिंपून स्वतःला कोंडून घेते, चोचीपुरती फट ठेवते. पिल्लं वाढेतोवर नर दिवसभर रानभर फिरतो आणि एक एक फळ आणून तिला त्या फटीतून भरवतो. त्या दिवसानंतर बोरदऱ्यातल्या कितीतरी नवऱ्यांना जेवताना ऐकावं लागलं, "त्या धनेशाचं बघा जरा!" पुरुषांनी ठकूचा धसका घेतला तो तिथपासून.

गावानं तिला नाव ठेवलं, हिंडगी. हिंडगी आली, हिंडगी गेली. ठकूला त्याचं काही वाटायचं नाही. येसूला वाटायचं.

सगळ्यांत जास्त राग होता रावजी पाटलाला. पाटील अंगानं दांडगा, मिशीनं त्याहून दांडगा. वाटेत उभा राहिला की फुसफुस करत सगळ्यांना अडवायचा. "वर जाऊन तू त्या राक्षशिणीला गावाचा वास दाखवशील!" तो ठकूवर गरजायचा. ठकू उलटून बोलली नाही. पण वर कारवीत एकदा तिची गाठ एका गव्याशी पडली होती. काळ्या कातळाएवढा बैल, गुडघ्यापर्यंत चुना लावल्यासारखे पांढरे पाय. वाट अडवून उभा, आणि नाकातून फुसफुस. पळायला जागा नव्हती, म्हणून ठकू सरळ खाली बसली आणि म्हणाली, "वाट तुझीच हाय बाबा. तू आधी." गव्यानं जरा विचार केला, वळला, आणि पुढं चालू लागला. ठकू त्याच्यामागून. मग रोजच तो तिला भेटू लागला. त्याच्या त्या अडवून उभं राहण्यावरून तिनं त्याचं नाव ठेवलं, रावजी. हे अर्थात गावात कुणाला सांगितलं नाही.

त्या गव्यामागून जाता जाता ती एक दिवस ढगोबाच्या पागोट्यात शिरली. सगळीकडं पांढरं धुकं. आपलाच हात आपल्याला दिसेना. आणि त्या धुक्यात समोर कुणीतरी उभं! डोक्यावरून घोंगडीची खोळ, हातात धुमसणारी पेंढी, भोवती धूर.

राक्षशीण! ठकू दोन पावलं मागं सरली. पण तिला लहानपणीचं एक सांगणं आठवलं. भुताखेतांचे पाय उलटे असतात.

"आधी पाय दाखव!" ती ओरडली.

"तूच दाखव आधी!" समोरून आवाज आला. तोही कापत होता.

"मी का म्हणून? तू दाखव!"

"बरं, दोघंबी संगंच दाखवू!"

दोघांनी एकदमच एक पाय उचलला. खाली शेवाळलेला कातळ. दोघंही एकदमच आपटले. पडल्या पडल्या ठकूनं समोरचे तळवे पाहिले. सुलटे होते, चिखलानं भरलेले, आणि अंगठ्याला काटा मोडलेला.

तो होता गोमा. ढगोबाच्या पलीकडं साकुरकोंड नावाची वाडी आहे, तिथला मध काढणारा. कड्यावरच्या आग्या मोहोळांना धूर द्यायला तो धुमसती पेंढी घेऊन फिरायचा.

"म्हंजी तू राक्षशिणीच्या गावचा?" ठकूनं विचारलं.

"छ्या! राक्षस तर तुमच्या बाजूला ऱ्हातो. रोज दोन येळा चूल पेटवतो, आमचं अख्खं गाव बघतं की!"

ठकूनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं ठकूकडं पाहिलं. आणि दोघं असे हसत सुटले की ढगोबाचं पागोटं हललं, धुकं दुभंगलं आणि डोंगराचा माथा उघडा पडला, असं म्हणतात. एका बाजूला बोरदऱ्याच्या घरांतून निघणारा धूर, दुसऱ्या बाजूला साकुरकोंडच्या घरांतून निघणारा धूर. मध्ये दोघं, तिच्याकडची नाचणीची भाकरी आणि त्याच्याकडचा मध.

ठकूनं खाली येऊन सगळं सांगितलं. पुरावा म्हणून मधाचं पोळं आणलं होतं, पानात बांधून. "पल्याड माणसं हायेत, आपल्यासारखीच! त्यांची चूल हाय ती!" मध पाहून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, पण बोट कुणी लावेना. शेवटी पाटलाच्या कुत्र्यानं पोळ्यात तोंड घातलं. सगळं गाव श्वास रोखून कुत्र्याकडं बघत राहिलं. कुत्रं मेलं नाही. ते मिशा चाटत पुन्हा आलं.

"कुत्र्याला काय हुतंय?" पाटील म्हणाला. "राक्षशीण मानसाचं रूप घिऊन आलती. हिंडगीला भुलवलं तिनं."

ठकूला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं. आपण पाहतो त्यात दुसऱ्या कुणाला वाटेकरी करता येत नाही, याचं वाईट. भिवानं ते ओळखलं. तो लंगडत आला आणि गुपचूप बोटभर मध चाटून म्हणाला, "ग्वाड हाय." तेवढंच. पण त्यानंतर तो तिला रोजचं बोलणं बोलला नाही.

मग आला तो श्रावण. पाऊस असा लागला की कड्यांवरून चांदीचे दोर लोंबू लागले. आणि एका पहाटे डोंगर गडगडला. खिंडीवरची दरड कोसळली आणि गावाचं एकुलतं एक दार बंद झालं. नदीला वाट उरली नाही. ती वळली, फुगली, आणि मागं मागं सरत गावात येऊ लागली. सकाळी भाताची खाचरं दिसेनाशी झाली. न्याहारीच्या वेळेला पाणी मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागलं.

सगळं गाव देवळाच्या ओट्यावर जमलं. शेळ्या, कोंबड्या, पोरंबाळं, बोचकी. रडारड. ठकू पुढं झाली.

"चला माझ्यासंगं. ढगोबावरनं पल्याड जाऊ. वाट हाय."

"राक्षशिणीच्या पोटात जाण्यापरीस बुडालेलं बरं!" पाटील म्हणाला, आणि पुष्कळांनी माना डोलावल्या. माणूस असाच असतो. पाणी घोट्याला लागलं तरी त्याला न पाहिलेल्याचीच भीती जास्त.

तेव्हा धोंडाआजी बोलली. गावातली सगळ्यांत म्हातारी. दात गेलेले, पाय गेलेले, जीभ तेवढी शाबूत.

"मला न्हाई बुडायचं," ती म्हणाली. "आणि राक्षशिणीचंबी मला काय न्हाई. माझ्यात हाय काय खायला? पर या पोरीनं त्या धनेशाचं सांगितल्यापास्नं माझा जीव त्यात अडकलाय. एवढी वर्सं या डोंगराखाली काढली आन् त्याचा माथा पाह्यला न्हाई. मला वर न्या. मला समदं बघायचंय."

आणि एक बाई हळूच म्हणाली, "मलाबी ते उलटं पाणी बघायचं हाय." दुसरी म्हणाली, "मला शेकरूचं घर." पाणवठ्यावर तोंड फिरवून ऐकलेल्या सगळ्या गोष्टी त्या सकाळी बाहेर पडल्या. बोरदरा गाव डोंगर चढलं ते धीट झालं म्हणून नव्हे. बघायचंय म्हणून चढलं, असं म्हणतात.

धोंडाआजीला डालग्यात, मोठ्या टोपलीत, बसवून पाठीवर घेतलं. तान्ही पोरं पाठीला बांधली. कोंबड्या काखेत घेतल्या. उंबराशी येताच सगळे थबकले, पण डालग्यातून आजी ओरडली, "चला की रं, मुक्काम करताय का हितं?" आणि गावानं पहिल्यांदा उंबर ओलांडला.

चढ मोठा होता. पायाखालची माती सुटत होती. दमलेल्या बायका विचारायच्या, "अजून किती गं?" ठकूनं त्याचं उत्तर एकदाही दिलं नाही. ती म्हणायची, "त्या वळणाम्होरं शेकरूचं घर हाय." मग सगळे त्या वळणापर्यंत जायचे, आणि खरंच, उंच फांदीवर काटक्यांचा मोठा गोळा दिसायचा आणि त्यातून तांबडं शेपूट बाहेर. "आता म्होरच्या वळणाला उलटं पाणी." की निघाले. पोरं तर पुढं धावू लागली. धोंडाआजीला भिजलेल्या झाडावर धनेशाची जोडी दिसली. ढोलीतून बाहेर आलेली मादी होती, तिचं पिल्लू मोठं झालं होतं, आणि नर तरीही तिला फळ भरवत होता. आजी डालग्यात हात जोडून बसली.

कारवीच्या रानात मात्र वाट संपली. पावसानं कारवी माणसाहून उंच माजली होती आणि मधोमध गवा उभा होता. वाट अडवून, फुसफुस करत. मागं सगळं गाव गोठलं.

ठकू पुढं झाली आणि सवयीनं ओरडली, "ओ रावजी! व्हा की बाजूला!"

रावजी पाटील दचकून बाजूला झाला.

गवा मात्र जागचा हलला नाही. आता पाटलाच्या ध्यानात आलं की हाक कुणाला होती. त्यानं गव्याच्या अंगाकडं पाहिलं, गव्यानं त्याच्या मिशीकडं पाहिलं. भिवा खोकल्यासारखं करून हसला. मग एक बाई हसली, आणि मग भिजलेलं, दमलेलं, घरं बुडालेलं ते सगळं गाव पोट धरून हसलं. आणि त्या हसण्यानं की काय, कारवीतून एकामागून एक काळी धुडं उठली. गव्यांचा अख्खा कळप. रावजी पुढं आणि कळप मागं, असे ते चढाला लागले. त्यांच्या खुरांखाली कारवी आडवी होत गेली आणि बैलगाडी जाईल एवढी रुंद वाट तयार झाली. ती आजही आहे. तिथं कारवी उगवत नाही, असं म्हणतात.

शेवटी उरला तो माथ्याखालचा कातळ. गुळगुळीत, ओला, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला दरी. एकेकजण भिंतीला चिकटून पार झाला. डालगं पार झालं. पाटील मात्र मध्यावर जाऊन थांबला. डोळे गच्च मिटले, बोटं कातळात रुतवली. ना पुढं ना मागं.

ठकू परत आली आणि त्याच्याशेजारी बसली.

"काय दिसतंय खाली, पाटील?"

"डोळं मिटल्यात माझं!"

"उघडा एक. एकच."

पाटलानं एक डोळा किलकिला केला. नेमक्या त्याच वेळी ढगोबानं पागोटं जरा मागं सारलं, आणि कधीचा न दिसलेला सूर्य त्यांच्या पाठीमागं उगवल्यासारखा लख्ख तळपला. खाली दरीत धुकं भरलं होतं. त्या धुक्यावर पाटलाची सावली उमटली, आणि सावलीच्या डोक्याभोवती सात रंगांचं गोल कडं.

"अगं... अगं, माझ्या डोक्यामागं प्रभावळ!" पाटलानं दुसराही डोळा उघडला. "देवाला असती तशी!"

"मग चला की देवा," ठकू म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला पलीकडं नेलं. पाटील चालला तो पायाकडं न बघता, धुक्यातल्या आपल्या सावलीकडं बघत. मरेपर्यंत त्यानं ती प्रभावळ प्रत्येकाला सांगितली. ठकूच्या डोक्याभोवतीही तसंच कडं होतं का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिचं मोठं हुतं."

आता साकुरकोंडचं ऐका. त्या वाडीतली माणसं अंगणात उभी होती आणि त्यांनी ढगोबाच्या माथ्याकडं पाहिलं. ढगातून एक रांग खाली उतरत होती. चिखलानं काळीकुट्ट झालेली माणसं, केस पिंजारलेले, काखेत फडफडणारं काहीतरी, आणि एकाच्या पाठीवर टोपलीत बसलेली बिनदाताची म्हातारी. साकुरकोंडनं जन्मभर ज्याची धास्ती घेतली ते शेवटी आलं होतं! अख्खं राक्षसकुळ! कुणी दारं लावली, कुणी कोयते घेतले, कुणी दगड उचलले. दोन्ही गावं समोरासमोर आली. कुणी एक दगड फेकला असता तरी घात झाला असता.

गोमा गर्दीतून धावत पुढं आला. त्यानं ठकूला ओळखलं.

"थांबा!" तो आपल्या लोकांना म्हणाला. "आधी पाय बघा त्यांचं!" आणि मग बोरदऱ्याकडं वळून, "अहो मंडळी, पाय वर करा!"

बोरदऱ्याला काही कळेना. पण ठकूनं पाय वर केला, म्हणून येसूनं केला. भिवानं काठीवर रेलून केला. मग सगळ्या गावानं. बायाबापड्यांनी, पोरांनी, एकमेकांच्या खांद्यांना धरून. पाटलाचा तोल गेला, तो चिखलात बसला आणि त्यानं दोन्ही पाय वर केले. साकुरकोंडच्या लोकांनी जवळ येऊन वाकून पाहिलं. सुलटे पाय. भेगाळलेले, काटे मोडलेले, रक्ताळलेले. आपल्यासारखेच.

पहिला कोयता खाली पडला तो गोमाच्या आईचा. "अगं बया," ती म्हणाली, "माणसं हायेत ही. भिजल्यात किती! या, आत या."

धोंडाआजीला तिनं चुलीपुढं बसवलं. आजीनं चुलीकडं पाहिलं, वर धुराकडं पाहिलं, आणि बोळकं पसरून हसली.

"ही व्हय राक्षशिणीची चूल! काय शिजतंय?"

"कुळथाचं पिठलं."

"मग वाढ की. एवढ्या वर्सांचा वास हाय नाकात."

पाऊस ओसरला तशी दोन्ही गावांची माणसं मिळून खिंडीवर गेली. दरड फोडली, नदीला वाट करून दिली. बोरदऱ्याची मातीची घरं विरघळली होती, पण माणूस एकही गेलं नव्हतं. शेळीसुद्धा नाही. दिवाळीपर्यंत घरं पुन्हा उभी राहिली, आणि ढगोबाच्या वाटेवर रोजची ये-जा सुरू झाली.

ठकूचं आणि गोमाचं लग्न लागलं ते ढगोबाच्या माथ्यावर, कारण मांडव कुणाच्या दारी घालायचा यावरून दोन्ही गावं हटून बसली. अक्षता पडताना कारवीआड रावजी गवा उभा होता, असं म्हणतात. पाटील म्हणायचा, "आम्ही दोघंबी हुतो."

लग्न झालं म्हणून ठकूचं हिंडणं थांबलं नाही. आता तिच्यामागं माणसं असायची. आणि हिंडगी हे नाव कधी गळून पडलं ते कुणालाच कळलं नाही. पोरं तिला हिंडाई म्हणू लागली, मग थोरलीही म्हणू लागली.

ती खूप म्हातारी झाली. एका वर्षी कारवी फुलली, सगळा ढगोबा निळा-जांभळा झाला, आणि हिंडाई काठी घेऊन सकाळची निघाली ती परत आली नाही. बोरदऱ्याचे लोक म्हणतात, ती शीळकरी कस्तूर झाली. ओढ्याकाठी लपून शीळ घालणारा तो निळा पक्षी तीच आहे. साकुरकोंडचे म्हणतात, छ्या, ती गव्यांबरोबर गेली, कळपात अजून एका म्हातारीची काठी वाजते. यावरून दोन्ही गावांचं भांडण आजही मिटलेलं नाही. गोमाला विचारलं तर तो म्हातारा एवढंच म्हणायचा, "तिचं बघायचं ऱ्हायलं असंल काईतरी."

तर पाहुणे, आता आम्ही आजही काय करतो ते सांगतो.

सड्यावर सोनकी पिवळी झाली की दोन्ही गावं मिळून एक दिवस ठरवतात. त्या दिवशी रानात कोयता नाही, कुऱ्हाड नाही, गलोल नाही. घरातल्या सगळ्यांनी वर जायचं आणि आजवर कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी पाहून यायचं. आणायचं काहीच नाही, फूलसुद्धा नाही. ऊन कललं की माथ्यावर गोल करून बसायचं आणि एकेकानं आपलं पाहिलेलं सांगायचं. थोडं वाढवून सांगितलं तरी चालतं, हिंडाईही वाढवून सांगायची. प्रत्येकाचं झालं की सगळे ओरडतात, "पाह्यलं गं माये, पाह्यलं!" मग दुसऱ्याची पाळी.

ज्यांना चढवत नाही त्यांच्या घरी येताना जायचं आणि त्यांचंही ऐकायचं, असा रिवाज आहे. गेल्या वर्षी आम्ही गोदाकाकूंकडं गेलो. त्या दोन पावसाळे अंथरुणाला खिळून आहेत. सुनेनं खाट तेवढी दाराशी आणून ठेवली होती. आम्ही विचारलं, "काकू, तुम्ही काय पाह्यलं?"

काकू म्हणाल्या, "जास्वंदीवर शिंजीर घरटं बांधतोय. सकाळधरनं बघती हाय. कोळ्याचं जाळं आणलं, साल आणली, आन् मग हितं खाटंवर आला. भ्याला न्हाई. माझ्या गोधडीचा उसवलेला धागा चोचीत धरला, वढला, आन् घिऊन गेला." त्यांनी गोधडीची कड उचलून आम्हाला दाखवली. "तांबडा धागा. बघा, तिकडं लोंबतोय."

आम्ही सगळे वळलो. जास्वंदीच्या टोकाला मुठीएवढं घरटं झुलत होतं, आणि त्यातून तांबडा धागा लोंबत होता.

त्या वर्षी सगळ्यांत मोठ्यानं आम्ही तिथंच ओरडलो.